‘ओशन्स ट्वेल्व्ह’ पाहून झाल्यावर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही काही मराठी मंडळी मुंबईत अधूनमधून एकत्र जमून चित्रपट पाहतो आणि नंतर चहा घेत मराठीत त्यावर बोलतो. दादरपासून मुलुंडपर्यंतचे लोक येतात. कुणी नाटकवेडं असतं, कुणी फक्त हिंदी बघणारं, कुणी मुलीने आग्रह केला म्हणून आलेलं. ‘ओशन्स ट्वेल्व्ह’ दाखवला की चर्चा हमखास लांबते. दर वेळी तेच प्रश्न येतात आणि लोक तितक्याच तावातावाने बोलतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहा. खाली सगळी गोष्ट फोडलेली आहे.

हा नेमका कितवा भाग? पहिला पाहिलेला असायलाच हवा का?

दुसरा. पहिला ‘ओशन्स इलेव्हन’ 2001 सालचा, हा डिसेंबर 2004 चा आणि तिसरा ‘ओशन्स थर्टीन’ 2007 चा. तिन्हींचा दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्ग. पहिला भागसुद्धा 1960 सालच्या, फ्रँक सिनात्राच्या चित्रपटावरून नव्याने केलेला.

पहिला पाहिलेला हवाच. डॅनी ओशन (जॉर्ज क्लूनी) आणि त्याच्या टोळीने लास वेगासमधल्या तीन कसिनोंच्या एकत्रित तिजोरीतून 16 कोटी डॉलर्स उडवले होते. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला कसिनोमालक बेनेडिक्ट (अँडी गार्सिया) प्रत्येकाला हुडकून काढतो आणि पैसे व्याजासह परत करायला दोन आठवडे देतो. ही माणसं आधीपासून ओळखीची नसतील तर एकेकाला गाठण्याचा तो सगळा भाग नुसती ओळखपरेड वाटतो.

इतके मोठे नट असूनही लोक नाराज का होतात?

कारण पहिल्या भागाने त्यांना एका विशिष्ट सुखाची सवय लावलेली असते. तिथे योजना सांगितली जाते, तिजोरीची हुबेहूब प्रतिकृती उभारून तालीम होते, मग प्रत्यक्ष रात्र येते. कसबी माणसं आपापलं काम चोख करताना बघण्याचं ते सुख आहे. उत्तम सुतार किंवा तबलजी कामात असताना आपण जसे तासभर थांबून बघू शकतो, तसं.

दुसऱ्या भागात हीच माणसं जवळजवळ पूर्ण वेळ हरत असतात. ॲमस्टरडॅममध्ये एका घरात डच ईस्ट इंडिया कंपनीचं जुनं भागपत्र (शेअर सर्टिफिकेट) आहे आणि घराचा मालक कधीच बाहेर पडत नाही. टोळी कालव्यात उतरून अख्खं घर जॅकवर उचलते. ॲमस्टरडॅमची जुनी घरं खरोखरच जमिनीत ठोकलेल्या लाकडी खांबांवर उभी आहेत, त्यामुळे कल्पना हवेतली नाही. आणि एवढं करून आत शिरल्यावर कळतं, की दुसरा कुणीतरी आधीच येऊन गेला आहे. पुढे रोममध्ये एकेक जण पकडला जातो. तिकीट काढून आलेल्या माणसाला जिंकणारी टोळी बघायची असते. त्याला चिडलेली, थकलेली, एकमेकांवर खेकसणारी टोळी मिळते.

ही नाराजी मला पूर्ण समजते. पण हरणं हाच या चित्रपटाचा विषय आहे आणि तो आडून आलेला नाही. फ्रेंच चोर तुलूर (व्हँसाँ कासेल) या सगळ्यामागे आहे. त्याचं दुखणं काय, तर एका अमेरिकन माणसाने बेनेडिक्टवरची चोरी ही जगातली सर्वात मोठी चोरी म्हणून फुशारकी मारली आणि तुलूरचा गुरू लमार्क ते ऐकून गप्प बसला. एवढंच. ‘ते श्रेष्ठ की मी श्रेष्ठ’ या एका ठसठशीमुळे तो टोळीची नावं बेनेडिक्टला देतो आणि चोरांचा पहिला नियम मोडतो. दुसरा भाग पाहून बाहेर पडणारा प्रत्येक जण पहिल्याशी तुलना करतो आणि या भागाची गोष्टच तुलनेच्या दुखण्यातून सुरू होते, हे मला फार अचूक वाटतं.

अंडं नेमकं चोरलं कधी? मी झोपलो होतो का?

तुम्ही जागे होतात. हा सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न आहे आणि दोष तुमचा नाही.

तुलूर डॅनीला कोमो सरोवराकाठच्या आपल्या महालात बोलावून पैज लावतो. रोमच्या संग्रहालयात फाबर्जे या रशियन जवाहिऱ्याच्या कारखान्यातलं, ‘राज्याभिषेकाचं’ म्हणून ओळखलं जाणारं शोभेचं मौल्यवान अंडं येणार आहे, ते जो आधी चोरेल तो श्रेष्ठ. डॅनी जिंकला तर बेनेडिक्टचं देणं तुलूर फेडणार. त्यानंतर आपण टोळीची धडपड पाहतो. पहिला बेत बारगळतो, डॅनीची बायको टेस हिला बोलावलं जातं, सगळे तुरुंगात जातात. तुलूर मात्र लेझरच्या किरणांमधून नाचत जाऊन अंडं उचलतो.

शेवटी डॅनी तुलूरला सांगतो, की संग्रहालयातलं अंडं नकली होतं. खरं अंडं पॅरिसहून रोमला आगगाडीने, एका साध्या पाठीवरच्या पिशवीतून येत होतं. लमार्कने डॅनीला ते आधीच कळवलं होतं आणि टोळीने गाडीतच गोंधळ घालून पिशवी बदलली होती. म्हणजे खरी चोरी उरकल्यावर रोममधली सगळी धावपळ होते, आणि ती तुलूरला दाखवण्यासाठी असते. चोरीचं दृश्य आपल्याला अगदी शेवटी, मागे जाऊन, मिनिटाभरात दाखवलं जातं.

मग प्रेक्षकाला फसवलं हा आरोप खरा का?

खरा आहे. मला हा चित्रपट मनापासून आवडतो आणि तरीही या मुद्द्यावर मी नाराज प्रेक्षकांच्या बाजूने आहे.

पहिल्या भागातही आपण फसतो. बेनेडिक्ट पडद्यावर तिजोरी लुटली जाताना बघतो, ते चित्रण खोट्या तिजोरीतलं असतं. पैशांच्या म्हणून ज्या पिशव्यांचा पाठलाग होतो, त्यात जाहिरातीचे कागद निघतात. पण ती खोटी तिजोरी बांधली जाताना आपण डोळ्यांनी पाहिलेली असते. उलगडा झाल्यावर ‘अरे, हे तर दाखवलं होतं’ असं म्हणत आपण स्वतःच्याच कपाळावर हात मारतो. त्या हात मारण्यात मजा आहे. दुसऱ्या भागात पिशवी बदलण्याचा धागा आपल्या हातात कधी दिलेलाच नसतो. कितीही हुशार प्रेक्षकाला तो ओळखता आला नसता.

याहून मोठी अडचण पुढे आहे. अंडं हाती आलेलं होतं, तर ही माणसं आपापसातही अडकल्यासारखी का वागतात? टोळीतला धाकटा लायनस (मॅट डेमन) एवढा घाबराघुबरा का? चित्रपटाची बाजू घेणारे म्हणतात, तुलूरची सतत नजर होती, म्हणून नाटक अखंड चालू ठेवणं भाग होतं. हे उत्तर कागदावर टिकतं. बघताना टिकत नाही, कारण आपण लायनसच्या काळजीत मनापासून सामील झालेलो असतो आणि ती काळजी मागाहून काढून घेतली जाते.

इथे मला मुंबईचीच एक खरी घटना आठवते. मार्च 1987 मध्ये एका भामट्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन गुप्तचर खात्यासाठी म्हणून उमेदवार बोलावले, ताज हॉटेलात त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि निवडलेल्यांना बसमधून ऑपेरा हाऊसच्या त्रिभोवनदास भीमजी झवेरी यांच्या पेढीवर नेलं. सीबीआयचा छापा आहे असं सांगून दागिने आणि रोकड ताब्यात घेतली, उमेदवारांना पेढीवर पहाऱ्याला ठेवलं आणि तो निघून गेला. पुन्हा सापडला नाही. त्या दिवशी दोन गट फसले. पेढीचं नुकसान सगळ्यांना दिसलं. पण आपण एका मोहिमेचा भाग आहोत असं खरंच मानून इमानेइतबारे उभ्या राहिलेल्या त्या तरुणांचं काय? ‘ट्वेल्व्ह’च्या प्रेक्षकाला त्यांच्या जागी उभं केलं जातं. टोळीसोबत आहोत असं वाटत असताना आपण नुसते पहाऱ्यावर असतो. चिडणारे लोक नेमके यावर चिडतात, फक्त अनेकांना ते असं मांडता येत नाही आणि मग ‘बंडल आहे’ म्हणून मोकळे होतात.

जुलिया रॉबर्ट्सने जुलिया रॉबर्ट्सची नक्कल करायची, हा काय प्रकार?

पकडले न गेलेले तिघे-चौघे शेवटचा उपाय म्हणून डॅनीची बायको टेस हिला बोलावतात, कारण ती दिसायला जुलिया रॉबर्ट्ससारखी आहे. टेसचं काम करते खुद्द जुलिया रॉबर्ट्स. ती गरोदर असल्याचं दाखवायचं आणि नटीच्या मानमरातबात संग्रहालयात शिरायचं. आणि तिथेच खरा ब्रूस विलिस भेटतो. तो जुलियाचा मित्र, त्यामुळे टेसची तारांबळ उडते. चित्रण झालं तेव्हा जुलिया खरोखर गरोदर होती. चित्रपट लागण्याच्या दोनच आठवडे आधी, नोव्हेंबर 2004 मध्ये, तिला जुळी मुलं झाली.

या प्रसंगावर लोक सरळ दोन गटांत फुटतात. एक गट म्हणतो, इथे गोष्टीतली जादू मोडली. या जगात जुलिया रॉबर्ट्स आहे, तर जॉर्ज क्लूनी नाही का? डॅनीला रस्त्यात कुणी ओळखत कसं नाही?

प्रश्न तर्काला धरून आहे. तरीही मी ठामपणे दुसऱ्या गटात आहे आणि मराठी प्रेक्षकाने तरी इथे अडखळू नये असं मला वाटतं. शिवाजी मंदिरला किंवा पार्ल्याच्या दीनानाथला लाडका नट रंगमंचावर आला की एन्ट्रीला टाळी पडते. नाटक क्षणभर थांबतं, टाळी ओसरली की पुढचं वाक्य येतं. त्या क्षणी आपल्याला पात्रही दिसतं आणि नटही दिसतो, आणि दोन्हीमुळे आनंदच होतो. बालगंधर्वांची भामिनी बघणाऱ्यांना समोर नारायणराव राजहंस आहेत हे माहीत नव्हतं असं थोडंच आहे? 1988 च्या ‘अशी ही बनवाबनवी’त लक्ष्मीकांत बेर्डे पार्वती होऊन येतो तेव्हा आपण परशालाही बघत असतो, पार्वतीलाही आणि खुद्द लक्ष्यालाही. तिन्ही थर एकदम दिसतात म्हणून तर हसू येतं. टेसचा प्रसंग याच जातीचा आहे. त्यात आपल्याला सगळं ठाऊक असतं, फसणारा एकटा ब्रूस विलिस असतो. अंड्याच्या बाबतीत प्रेक्षकाला जे मिळालं नाही, ते इथे भरभरून मिळतं.

याच भागात आणखी एक गंमत आहे. जो तो ब्रूस विलिसला सांगत सुटतो, की तुझ्या ‘द सिक्स्थ सेन्स’चा धक्कादायक शेवट मला आधीच कळला होता. प्रेक्षकांची ही सवय पकडणारा विनोद अशा चित्रपटात यावा, ज्याचा शेवट कुणालाच आधी कळू शकत नाही! आमच्याकडे इथे नेहमी मोठ्याने हसू येतं, नाराज गटातूनसुद्धा.

बारा जणांत काम कुणाला मिळालं?

खरं सांगायचं तर चौघा-पाचांना. लायनसला सर्वात जास्त, आणि मॅट डेमनने त्याचं सोनं केलं आहे. ‘मलाही मोठं काम द्या’ म्हणणारा टोळीतला धाकटा, दर वेळी तोंडघशी पडणारा. शेवटी त्याची आईच येऊन सगळ्यांना सोडवते. कॅथरिन झीटा-जोन्सची पोलीस अधिकारी इझाबेल ही या भागाची खरी नायिका आहे. टोळीतला रस्टी (ब्रॅड पिट) तिचा जुना प्रियकर, आणि त्या दोघांमधला ताण चित्रपटाला थोडं वजन देतो.

बाकीच्यांवर अन्याय झाला आहे. बर्नी मॅक लवकरच तुरुंगात जातो आणि जवळपास तिथेच राहतो. डॉन चीडलला मोजकेच प्रसंग. शाओबो चिन पहिल्या भागात तिजोरीतल्या उडीमुळे लक्षात राहिला होता, इथे तो सामानात हरवतो. बर्नी मॅक 2008 मध्ये गेला, टोळीतलाच म्हातारा कार्ल रायनर 2020 मध्ये. आता पाहताना त्यांना आणखी दोन प्रसंग मिळायला हवे होते असं फार वाटतं.

चहाच्या टेबलावरचं ते बोलणं काहीच कळलं नाही. सबटायटल चुकीची होती का?

सबटायटल बरोबर होती. ॲमस्टरडॅममध्ये मॅत्सुई नावाच्या मध्यस्थाला (रॉबी कोल्ट्रेन) भेटायला डॅनी, रस्टी आणि लायनस जातात. तिथलं बोलणं मुद्दामच अर्थहीन आहे. लायनसची पाळी येते तेव्हा तो गोंधळून लेड झेपेलिन या रॉक गटाच्या ‘कश्मीर’ या गाण्यातल्या ओळी म्हणतो. नंतर त्याला सांगतात, की तू भयंकर अपमान केलास. आपल्याला त्यातलं काही कळत नाही आणि लायनसलाही कळत नाही, म्हणून तो प्रसंग चालतो. नव्या कचेरीत पहिल्या दिवशी बसलेल्या कुणालाही लायनस जवळचा वाटेल.

लेझरचा नाच खरा आहे का?

नाच खरा. व्हँसाँ कासेलने कापोएरा या ब्राझीलच्या युद्धनृत्याच्या हालचाली स्वतः केल्या आहेत. तसं नाचून खऱ्या संग्रहालयात चोरी करता येईल का, हा विचार बाजूला ठेवा. मागचं गाणं ‘ते आ ला मांत’, ला कोसियों या फ्रेंच रॅप गटाचं. बाकीचं संगीत डेव्हिड होम्सचं आहे आणि माझ्या मते तिन्ही भागांत ते इथे सर्वात चांगलं जमलं आहे. कथा सुटली तरी कान धरून ठेवतात.

ही सगळी मोठ्या लोकांची युरोपातली सुट्टी आहे, असं आमच्या घरचे म्हणतात.

खूप जणांचं हे मत आहे. जॉर्ज क्लूनीचं स्वतःचं घर कोमो सरोवराकाठी आहे, तुलूरचा महाल म्हणून दिसतो तो व्हिला एर्बाही त्याच काठावरचा, त्यामुळे बोलायला जागा मिळते.

पण पडद्यावर आळस दिसतो का, हे पाहा. सोडरबर्ग पीटर अँड्र्यूज या टोपणनावाने स्वतः छायाचित्रण करतो. इथे कॅमेरा बराचसा हातात धरलेला आहे, झूम एकदम आत शिरतो, रोम पिवळसर आणि ॲमस्टरडॅम थंड दिसतं. साठ-सत्तरच्या दशकांतल्या युरोपीय चित्रपटांची चाल त्याने मुद्दाम उचलली आहे. आळशी माणूस पहिल्याच भागाची चकचकीत फोटोकॉपी काढून मोकळा झाला असता.

कथा विस्कळीत वाटण्याचं एक साधं कारणही आहे. जॉर्ज नॉल्फीने ‘ऑनर अमंग थीव्ह्ज’ नावाची स्वतंत्र पटकथा लिहिली होती, अमेरिकन आणि युरोपीय चोरांच्या चढाओढीची. तीच पुढे ओशनच्या टोळीसाठी बदलून घेतली. चढाओढ दोघांची आणि माणसं बारा, त्यामुळे दहा जण मागे उभे राहतात. मूळ जोड कुठे आहे ते कळलं की चित्रपट सोपा होतो.

आपल्या हिंदी सिक्वेलशी तुलना केली तर?

‘धूम 2’ (2006) घ्या. तो वाट वेगळी घेतो. पहिल्यापेक्षा चोर देखणा, चोऱ्या जास्त, देश जास्त, हृतिक रोशनची वेशांतरं जास्त. प्रेक्षकाने पहिल्या भागात जे मागितलं ते वाढवून दिलं आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. ‘डॉन 2’नेही (2011) बर्लिनमध्ये नोटांचे छाप चोरताना नायकाची ऐट जराही कमी होऊ दिली नाही. आपल्याकडे स्टार हरलेला चालतो, हास्यास्पद झालेला क्वचित चालतो. ‘ट्वेल्व्ह’मध्ये क्लूनी ‘मी पन्नाशीचा दिसतो का?’ म्हणून खिन्न होतो, पिटला त्याची जुनी प्रेयसी पदोपदी मात देते. कसलेल्या स्टारने एवढं खाली उतरायची तयारी दाखवली याचं मला कौतुक वाटतं. आपल्या मोठ्या नटांनी हे करून पाहावं अशी माझी फार इच्छा आहे.

म्हणजे चित्रपट आपटला होता?

नाही. खर्च सुमारे 11 कोटी डॉलर्स आणि जगभरातली कमाई सुमारे 36 कोटी. पहिल्या भागाची कमाई सुमारे 45 कोटी होती, तिसऱ्याची सुमारे 31 कोटी. लोक आवडीने गेले, बाहेर येताना मतं फुटली.

ते अंडं खरंच अस्तित्वात आहे?

आहे. फाबर्जेच्या कारखान्यात ते घडलं आणि झार दुसरा निकोलस याने 1897 च्या ईस्टरला ते राणी अलेक्झांड्राला दिलं, आदल्या वर्षीच्या राज्याभिषेकाची आठवण म्हणून. उंची सुमारे 13 सेंटिमीटर, आत राजरथाची इवलीशी प्रतिकृती. अमेरिकेतल्या फोर्ब्स घराण्याच्या संग्रहातून ते 2004 मध्येच, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षी, रशियन उद्योगपती व्हिक्टर वेक्सेलबर्ग याने विकत घेतलं. आता ते सेंट पीटर्सबर्गच्या फाबर्जे संग्रहालयात आहे.

मुलांना, आजी-आजोबांना सोबत आणावं का?

मारामारी आणि रक्तपात जवळजवळ नाही. अवघड आहे तो बोलण्याचा वेग. इंग्रजी सबटायटल वाचायला त्रास होत असेल तर शेजारी समजावणारं कुणी बसवा, आणि मागच्या रांगेत बसा म्हणजे इतरांना त्रास नाही.

दुसऱ्यांदा पाहिला तर बरा वाटतो म्हणतात. खरं?

माझ्या बाबतीत आणि आमच्यातल्या अनेकांच्या बाबतीत खरं. अंडं केव्हाच हाती आलं आहे हे माहीत असलं की चोरीची वाट बघणं संपतं आणि माणसांकडे लक्ष जातं. रस्टी-इझाबेलच्या भेटी, लायनसची धांदल, विलिससमोर टेसचा बदलत जाणारा आवाज, सगळं नव्याने दिसतं. पण तिकिटाचे पैसे पहिल्या वेळचे असतात, म्हणून पहिल्याच वेळी नाराज झालेल्या माणसाला ‘पुन्हा बघ, कळेल’ असं सांगणं मला पटत नाही. त्याची तक्रार ऐकून घ्यावी.

आधी ‘थर्टीन’ पाहिला तर चालेल?

चालेल. तो पुन्हा वेगासमध्ये, पुन्हा कसिनोत येतो. ‘ट्वेल्व्ह’वर रागावलेल्यांना तो आवडतो. मला तो नीटनेटका वाटतो, पण त्यातलं फार काही मनात रेंगाळत नाही.

बारावा कोण?

टेस की इझाबेल, यावर आमच्याकडे कधीच एकमत होत नाही. टेस प्रत्यक्ष कामगिरीत उतरते, म्हणून आकड्याच्या हिशेबात ती बारावी. इझाबेल संपूर्ण चित्रपटभर विरुद्ध बाजूला असते आणि शेवटी वडिलांना, म्हणजे लमार्कला, भेटल्यावर टोळीच्या पत्त्यांच्या डावात येऊन बसते. माझं मत टेसच्या बाजूने आहे. जिच्याकडे चोरीचं कुठलंच कसब नाही, तिला अर्ध्या तासाच्या तयारीवर सगळ्यांत अवघड सोंग वठवायला लावलं, आणि ब्रूस विलिस समोर येईपर्यंत तिने ते निभावलं.